श्रद्धेच्या कादंबऱ्या वाचायला घेतल्या तेव्हा

ख्रिस्ती श्रद्धेचा शोध घेणाऱ्या कादंबऱ्यांना जे पुरस्कार मिळतात, त्यांत परीक्षक नेमकं काय तपासतात? श्रद्धा किती खरी आहे ते, की कादंबरी किती चांगली आहे ते? आमच्या वाचनमंडळात हा प्रश्न निघाला आणि माहिती काढायचं काम माझ्याकडे आलं. माझी तयारी एवढीच, की लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ मनापासून वाचलेलं होतं आणि त्यांचे पती, ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक, यांच्या काही कविता शाळेत पाठ केलेल्या होत्या. घरात बायबल नव्हतं. मंडळातल्या एक निवृत्त शिक्षिका वसईच्या, कॅथलिक. त्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो. सुरुवात कुठून करू, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “पुरस्कारांपासूनच कर. पण बायबल शेजारी ठेव, नाहीतर अर्धं डोक्यावरून जाईल.” आणि आपली मराठी बायबलची प्रत त्यांनी मला आणून दिली. समासात त्यांच्या वडिलांच्या हातच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्या कशाच्या आहेत, हे समजण्याइतकंही मला ठाऊक नव्हतं.

इंग्रजीत या प्रकारच्या कादंबऱ्यांसाठी सर्वांत नावाजलेला पुरस्कार अमेरिकेतला, क्रिस्टी पुरस्कार. ख्रिस्ती कादंबऱ्या छापणाऱ्या काही प्रकाशकांनी मिळून तो १९९९ मध्ये सुरू केला आणि पहिले पुरस्कार २००० साली दिले गेले. आता इव्हँजेलिकल ख्रिश्चन पब्लिशर्स असोसिएशन ही प्रकाशकांची संघटना तो चालवते. ही क्रिस्टी कोण, ते मी आधी शोधलं. ती कुणी संत नाही, देणगीदारही नाही. ती एका कादंबरीची नायिका आहे. आपल्याकडे लेखकांच्या नावाने पुरस्कार असतात, कुणाच्या आईवडिलांच्या स्मरणार्थ असतात. पात्राच्या नावाचा पुरस्कार काही केल्या मला आठवेना. म्हणून पुरस्कारविजेत्यांची यादी बाजूला ठेवली आणि आधी तिलाच भेटायचं ठरवलं.

कॅथरिन मार्शल यांची ‘क्रिस्टी’ १९६७ मध्ये आली. क्रिस्टी हडलस्टन ही एकोणीस वर्षांची सुखवस्तू घरातली मुलगी १९१२ च्या जानेवारीत, भर बर्फात, टेनेसीच्या डोंगरांतल्या कटर गॅप नावाच्या वस्तीत मिशनच्या शाळेवर शिकवायला जाते. मार्शल यांच्या आईच्या आयुष्यावरून ही गोष्ट सुचलेली. वस्तीत गरिबी, घराण्याघराण्यांतली जुनी वैरं, चोरून गाळलेली दारू. हे सगळं मला सहज कळत होतं. आपल्या दुर्गम पाड्यावर पहिल्यांदा बदली झालेल्या मास्तरीणबाईंच्या आठवणींहून ते फारसं वेगळं नाही. मग विषमज्वराची साथ येते आणि फेअरलाइट स्पेन्सर मरते. क्रिस्टीची ही जिवलग मैत्रीण, जिला तिने अक्षरओळख करून दिली. इथे कादंबरी थबकते. देवाच्या कामासाठी घर सोडून आलेल्या मुलीचा देवावरचा विश्वासच उडतो. गावचा डॉक्टर मॅकनील तर आधीपासून नास्तिकाच्या वाटेवरचा, आणि लेखिकेने त्याला खलनायक केलेलं नाही. तो सज्जन आहे, कामसू आहे, त्याचे प्रश्न रास्त आहेत. ज्या पुस्तकाच्या नावाने श्रद्धेच्या कादंबऱ्यांना गौरवतात, त्या पुस्तकाच्या मध्यभागी एक देवावर रागावलेली मुलगी आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. दुसरी एक गोष्टही कळली. ही कादंबरी मॅग्रॉ-हिल या सर्वसाधारण प्रकाशनाने छापली होती. ख्रिस्ती कादंबरीचं वेगळं फडताळ तेव्हा दुकानांत नव्हतंच.

ते फडताळ कसं तयार झालं, हे समजून घेताना माझी दमछाक झाली. अमेरिकेत ख्रिस्ती पुस्तकविक्रेत्यांची संघटना १९५० मध्ये स्थापन झाली. पण त्यांच्या दुकानांत मुख्यतः बायबल, प्रवचनं, प्रार्थनेची पुस्तकं. कादंबरीकडे हे वाचक जरा संशयानेच पाहत. १९७९ मध्ये बेथनी हाउसने जेनेट ओके या कॅनेडियन लेखिकेची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ काढली. पश्चिमेकडे वसाहत करायला निघालेली मार्टी वाटेतच विधवा होते आणि क्लार्क नावाच्या विधुराशी, त्याच्या लहानग्या मुलीखातर, केवळ सोयीचं म्हणून लग्न करते. प्रेम हळूहळू येतं आणि त्याच वाटेने श्रद्धाही येते. पुस्तक अफाट खपलं आणि प्रकाशकांना समजलं की वाचक वाट पाहत होते. मग तऱ्हेतऱ्हेच्या कादंबऱ्या आल्या. जगाच्या अंतकाळावरची ‘लेफ्ट बिहाइंड’ ही टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स यांची मालिका १९९५ पासून कोट्यवधी प्रतींनी खपली. १९९७ मध्ये बेव्हर्ली लुइस यांची ‘द शनिंग’ आली आणि आमिश लोकांवरच्या कादंबऱ्यांना बहर आला. आमिश म्हणजे मोटार न वापरता घोडागाडीने फिरणारा, साधे कपडे घालणारा अमेरिकेतला एक पंथ. मुखपृष्ठावर डोक्याला टोपडं बांधलेली तरुणी आणि मागे शेत दिसलं की ती आमिश कादंबरी, हे मी आता लांबून ओळखू शकते. या पुस्तकांबद्दल मला पक्कं ओळखता येणारी ही पहिली गोष्ट.

या फडताळाचे काही अलिखित नियमही आहेत. शिव्या नकोत, शय्यागृहाचं दार वाचकासमोर लोटून घ्यायचं, दारू पिण्याचे प्रसंग जपून. विकत घेणारी आई ते पुस्तक आपल्या मुलीच्या हातात निर्धास्तपणे देऊ शकेल, हा त्यामागचा विचार. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. आपल्याकडेही घरात काय वाचावं यावर अशीच नजर असायची. क्रिस्टी पुरस्काराचे विभाग पाहिले तर ऐतिहासिक, ऐतिहासिक प्रेमकथा, समकालीन, रहस्य-थरार, किशोरांसाठी, लेखकाची पहिली कादंबरी, असे आहेत. ‘स्पेक्युलेटिव्ह’ नावाचाही एक विभाग आहे. त्याचं मी माझ्या वहीत ‘असं झालं तर काय होईल-कादंबरी’ असं भाषांतर केलं. त्यात परग्रह, पऱ्या, भविष्यकाळ, दैवी चमत्कार सगळं येतं. पुस्तकं प्रकाशक पाठवतात आणि ग्रंथपाल, समीक्षक, जाणकार वाचक अशी मंडळी ती तपासतात. पुस्तक ख्रिस्ती जीवनदृष्टीतून लिहिलेलं असावं, ही अपेक्षा आहेच. जीवनदृष्टी कशी मोजतात, हे मात्र नियम वाचून मला उमगलं नाही. ते पुस्तकं वाचूनच पाहायला हवं होतं.

म्हणून २०१७ मध्ये क्रिस्टीचा वर्षातल्या सर्वोत्तम पुस्तकाचा मान मिळालेली चार्ल्स मार्टिन यांची ‘लाँग वे गॉन’ घेतली. अठरा वर्षांचा कूपर ओकॉनर, गाणारा, गाणी रचणारा, बापाला जे जे प्रिय ते घेऊन कोलोराडोचं घर सोडतो आणि संगीताचं गाव असलेल्या नॅशव्हिलला निघून जातो. बाप धर्मोपदेशक. थोडं वाचून झाल्यावर मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “अगं, हा उधळ्या पुत्राचा दाखला. लूक, पंधरावा अध्याय. आधी तो वाच.” बायबलमध्ये लूकचं शुभवर्तमान सापडायलाच मला वेळ लागला. ते नव्या करारात तिसरं आहे. येशू सांगत असलेल्या बोधकथेला ‘दाखला’ म्हणतात, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. धाकटा मुलगा वाटणी मागून घेतो, दूरदेशी सगळं उधळतो, डुकरं राखायची वेळ येते आणि मग परततो. बाप त्याला लांबून पाहून धावत सुटतो. हे थोडंफार कानावर होतं. पुढचं मला नवं होतं. थोरला भाऊ शेतातून येतो, घरातलं गाणंबजावणं ऐकतो आणि रागावून आत जायचं नाकारतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. आणि दाखला तिथेच संपतो. थोरला आत गेला की नाही, हे सांगितलेलंच नाही. त्या ठिकाणी समासात पेन्सिलीची जाड खूण होती. पेन्सिल हातात धरून तिथे कुणी का थांबलं असेल, हे आता मला कळलं.

मार्टिन यांची कादंबरी मला आवडली. गाण्याविषयी ते जीव ओतून लिहितात, आणि मुलाची शरम वाचताना घशात आवंढा येतो. क्षमा येणार हे पहिल्यापासून ठाऊक असतं, ती कशी येते ते पाहायला आपण थांबतो. हीसुद्धा वाचनाची एक जुनी, मानाची रीत आहे. रामाचा विजय माहीत असूनच आपण रामायण ऐकतो. तरी माझा जीव थोरल्या भावात अडकून राहिला. ज्या दाखल्यावरून ही गोष्ट घेतली, त्याचं दार उघडं सोडलेलं आहे. त्या उघड्या दाराशी उभा राहणारा लेखक मला हवा होता. बाईंना तसं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “मग त्या फडताळावरून उतर.”

उतरल्यावर मेरिलिन रॉबिन्सन भेटल्या. त्यांच्या ‘गिलियड’ला २००५ मध्ये पुलित्झर मिळालं. पुलित्झर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाकडून दिलं जातं, त्यात श्रद्धेची काहीच अट नाही. आणि पुस्तक मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एका पाळकाचं पत्र. जॉन एम्स, वय ७६, हृदयविकार जडलेला, १९५६ साली आयोवा राज्यातल्या गिलियड या लहानशा गावी बसून आपल्या छोट्या मुलाला लिहितो आहे. मुलगा मोठा होईल तेव्हा बाप नसेल, म्हणून. प्रकरणं नाहीत, घटना थोड्या. सुरुवातीला मला पुस्तक हाताला लागेना. मी गोष्टीची वाट पाहत होते आणि म्हातारा पाण्यावर पडलेल्या उन्हाविषयी, बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या कपाळावर ठेवलेल्या हाताविषयी लिहीत होता. मग मी वेग सोडला, रात्री थोडं थोडं मोठ्याने वाचू लागले, आणि पुस्तक उघडलं. एम्सचा आजोबा गुलामगिरीविरुद्ध हातात पिस्तूल घेणारा पाळक, बाप शस्त्राला शिवणार नाही असा पाळक. एकाच बायबलमधून दोघं दोन टोकांना गेले आणि एकमेकांना दुरावले. तो कलह ज्या तपशिलाने लिहिला आहे, तसा धर्मघरातला कलह मी फक्त ‘स्मृतिचित्रे’त वाचला होता.

ते आठवण्याला कारण होतं, हे नंतर लक्षात आलं. एम्स काँग्रिगेशनल पंथाचा. या पंथात वरून हुकूम देणारा बिशप नसतो, प्रत्येक गावची मंडळी आपला कारभार आपण पाहते. न्यू इंग्लंडमधल्या याच काँग्रिगेशनल लोकांच्या पुढाकाराने चाललेल्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने १८१३ मध्ये मुंबईत मराठी मिशन सुरू केलं. तिथून ते नगरला पोचलं आणि १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघालं. रेव्हरंड ना. वा. टिळक पुढे ज्या मिशनात आले, ते हेच. आयोवातला काल्पनिक पाळक आणि नगरचे टिळक एकाच झाडाच्या फांद्या आहेत, हे कळल्यावर मला परकं वाटणारं ते पुस्तक एकदम ओळखीचं झालं.

एम्सचा मित्र बॉटन, हाही पाळक. त्याचा मुलगा जॅक लहानपणापासून वाया गेलेला. तो वीस वर्षांनी घरी येतो. एकदा ओसरीवर सगळे बसलेले असताना तो दोन्ही म्हाताऱ्यांना विचारतो, की काही माणसं जन्मतःच नाशासाठी नेमलेली असतात का. दोघांनाही नीट उत्तर देता येत नाही. धर्मशास्त्र शिकण्यात हयात गेलेली माणसं गप्प बसतात. २००८ मध्ये रॉबिन्सन यांनी ‘होम’ लिहिली. तेच दिवस, पण बॉटनच्या घरातून पाहिलेले. ती वाचताना मला बायबल शोधावं लागलं नाही. लूक पंधरा माझ्या शेजारी उघडाच होता. उधळा पुत्र परत आला आहे, बापाने कवटाळलं आहे, बहीण त्याच्यासाठी स्वयंपाक करते आहे, आणि तरीही जमत नाही. म्हातारपणाने थकलेल्या बापाच्या तोंडून वर्षानुवर्षांचा साचलेला राग बाहेर पडतो. मुलगा पुन्हा निघून जातो. दाखल्यात एका वाक्यात झालेली क्षमा प्रत्यक्ष घरात रोज, जेवणाच्या टेबलावर, नव्याने करावी लागते आणि कधी कधी माणसाचं बळ पुरत नाही. ‘होम’ला २००९ मध्ये ब्रिटनचा, स्त्री लेखकांच्या कादंबरीसाठीचा ऑरेंज पुरस्कार मिळाला. ‘होम’ आणि ‘लाँग वे गॉन’, दोन्हींचा दाखला एकच. एक पुस्तक श्रद्धावंतांच्या संघटनेने गौरवलं, दुसरं श्रद्धेशी देणंघेणं नसलेल्या परीक्षकांनी. माझ्या वहीत या दोन नावांच्या मध्ये मी एक मोठं प्रश्नचिन्ह काढलं आणि पुढच्या पुस्तकाकडे वळले.

ते पुस्तक बाईंनी सुचवलं, पण देताना त्या जरा घुटमळल्या. शुसाकु एंडो यांची ‘चिन्मोकु’ म्हणजे मौन. इंग्रजीत ती ‘सायलेन्स’ म्हणून प्रसिद्ध आहे. १९६६ ची ही कादंबरी, आणि त्याच वर्षी तिला जपानचा तानिझाकी पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार तेव्हा नवाकोरा, आदल्या वर्षीच सुरू झालेला. ज्या देशात ख्रिस्ती माणसं मूठभर, तिथल्या परीक्षकांनी धर्मगुरूच्या अंतरंगावरची कादंबरी निवडली, याचं मला आश्चर्य वाटत राहिलं. एंडोंना आईच्या इच्छेखातर लहानपणीच बाप्तिस्मा मिळाला होता. हा धर्म म्हणजे आईने अंगात घातलेला पाश्चात्त्य सूट, तो मला कधी नीट बसला नाही, तो उसवून आपल्या अंगाला बसेल असा जपानी पोशाख करत राहणं हेच माझं लेखन, अशा अर्थाचं ते सांगत. फ्रान्समध्ये शिकले, फुप्फुसाच्या आजाराने मरणाच्या दारातून परतले आणि मग ही कादंबरी लिहिली.

गोष्ट सतराव्या शतकातली. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आहे. फेरेरा नावाच्या नामांकित येशूसंघीय धर्मगुरूने छळापुढे धर्मत्याग केला, अशी बातमी युरोपात पोचते. ही घटना खरी आहे, १६३३ ची. त्याचा तरुण शिष्य रॉड्रिग्स याचा विश्वास बसत नाही. तो लिस्बनहून निघतो, गोव्याला येतो, तिथून मकाव आणि मग चोरून जपान. गोवा हे नाव वाचल्यावर मी नकाशा घेऊन बसले. जपानमध्ये १५४९ मध्ये पहिल्यांदा हा धर्म नेणारे फ्रान्सिस झेवियर, त्यांचं शव जुन्या गोव्याच्या बासिलिकेत आहे. मी शाळेच्या सहलीत ते पाहिलं होतं. त्या माणसाचा जपानशी काय संबंध होता, हे तेव्हा मी कुणालाच विचारलं नव्हतं.

जपानी अधिकारी संशयित ख्रिस्ती माणसापुढे येशूची किंवा मरियेची प्रतिमा ठेवत आणि तिच्यावर पाय द्यायला सांगत. या प्रतिमेला ‘फुमिए’ म्हणतात. पाय दिला तर सुटका. रॉड्रिग्स स्वतः मरायला तयार आहे. पण त्याने पाय देईपर्यंत शेतकऱ्यांना खड्ड्यात उलटं टांगून ठेवलं आहे, आणि त्यांचं कण्हणं त्याला ऐकू येतं. तो देवाला हाका मारतो, आणि देव गप्प. शेवटी तो पाय ठेवतो. त्या क्षणी त्याला जे ऐकू येतं, ते इथे मी सांगत नाही, ते त्या पानावरच वाचावं. ते पान वाचून मी पुस्तक मिटलं आणि त्या रात्री पुढे वाचू शकले नाही. जपानमधल्या अनेक कॅथलिकांना ही कादंबरी रुचली नव्हती. ज्यांच्या पूर्वजांनी पाय ठेवायला नकार देऊन प्राण दिले, त्यांना ती झोंबणारच.

बाईंशी बोलले तेव्हा त्यांचं घुटमळणं मला कळलं. नागासाकीला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत एक गोन्सालो गार्सिया. हे वसईचे. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. जपानी भाषा उत्तम येत असल्यामुळे फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांचे ते दुभाषे होते. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. भारतात जन्मलेले ते पहिले संत, आणि वसईत त्यांच्या नावाचं महाविद्यालय आहे. मी त्या महाविद्यालयाचं नाव शेकडो वेळा ऐकलं होतं. बाई म्हणाल्या, “गोन्सालोची गोष्ट ऐकत मी मोठी झाले. क्रुसावर गेलेल्यांची नावं आम्हाला पाठ. पण ज्यांनी पाय ठेवला आणि नंतर जन्मभर त्या पायासकट जगले, त्यांचं काय झालं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एंडोने सांगितलं. मला राग आला होता आधी. आता येत नाही.” या एका पुस्तकाबद्दल मी जे काही वाचलं, त्यात यापेक्षा नेमकं मला काही सापडलं नाही.

माझ्या प्रश्नचिन्हाला काहीसं उत्तर ग्रॅहम ग्रीन यांच्या ‘द पॉवर अँड द ग्लोरी’च्या इतिहासात मिळालं. १९३८ मध्ये ग्रीन मेक्सिकोला गेले. ताबास्को प्रांतात चर्चं पाडली होती, धर्मगुरूंना हद्दपार केलं होतं किंवा लग्न करायला भाग पाडलं होतं. त्यातून १९४० ची ही कादंबरी. पोलीस पाठीवर असलेला शेवटचा धर्मगुरू, दारूच्या आहारी गेलेला, एका मुलीचा बाप, भित्रा. पण मरणाऱ्याने बोलावलं की तो जातो. १९४१ मध्ये तिला इंग्लंडचा हॉथॉर्नडेन पुरस्कार मिळाला. पुढे काही वर्षांनी रोमच्या होली ऑफिसने, म्हणजे धर्मसिद्धान्तांवर देखरेख ठेवणाऱ्या खात्याने, पुस्तकाला आक्षेप घेतला आणि १९५४ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या कार्डिनलमार्फत ग्रीन यांना त्यात बदल करायला सुचवलं गेलं. हक्क प्रकाशकांकडे आहेत, असं सांगून ग्रीन यांनी ते विनम्रपणे टाळलं. १९६५ मध्ये पोप सहावे पॉल यांची भेट झाली, तेव्हा ते पुस्तक आपण वाचलं आहे आणि काही कॅथलिकांना तुमचं लेखन खुपणारच, तिकडे लक्ष देऊ नका, असा दिलासा त्यांनीच दिला. म्हणजे खात्याने दोष दिला आणि त्या खात्याच्या वरच्या माणसाने पाठ थोपटली. श्रद्धेच्या आतली माणसं एकमुखी असतात, ही माझी समजूत इथे गळून पडली.

मी आता उत्साहात होते. मंडळात मी ठामपणे मांडलं, की श्रद्धेचा खरा कस बाहेरच्या परीक्षकांनी निवडलेल्या पुस्तकांत लागतो, कारण त्यांना कुणाचं समाधान करायचं नसतं. बाईंनी मला थांबवलं. “माझ्या बहिणीच्या शेवटच्या आजारात मी तिला ‘सायलेन्स’ वाचून दाखवणार होते का? तिला ती टोपडंवाल्या बायकांची पुस्तकं हवी असायची. शेवटी सगळं ठीक होतं, हे माहीत असलेली. तिने त्या पुस्तकांच्या आधाराने रात्री काढल्या. त्या लेखिकांना कुणी एक पदक देत असेल, तर मला ते योग्यच वाटतं.” मी यावर विचार केला आणि माझं म्हणणं थोडं बदललं, पूर्ण नाही. क्रिस्टीसारखे पुरस्कार एका वाचकवर्गाला सांगतात, की तुमच्या आवडीच्या पुस्तकांतही कसब असतं, आणि लेखकांना सांगतात, की हेतू चांगला असला तरी वाक्यं नीट लिहा. हे मोलाचं काम आहे. ज्या पुस्तकाच्या नावाने तो दिला जातो, त्यातली फेअरलाइटच्या खाटेजवळची क्रिस्टी मात्र विजेत्यांमध्ये मला जास्त वेळा भेटायला हवी.

शेवटी बाईंनी जुनंच एक पुस्तक पुढे ठेवलं. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’, १८५७. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, उघडून कधी पाहिलं नव्हतं. आमच्या भाषेची कादंबरी जन्मली तीच ख्रिस्ती श्रद्धेच्या पोटी, हे मला मराठी वाचत एवढं वय झाल्यावर समजत होतं. पदमनजी बेळगावचे, १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता आणि तीनच वर्षांनी हे पुस्तक लिहिलं. यमुना आणि तिचा नवरा विनायक गावोगाव फिरतात आणि ठिकठिकाणच्या विधवांच्या हकिकती ऐकतात. पुढे विनायक मरतो, यमुना स्वतःच त्या हकिकतींतली एक होते, आणि अखेर ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्न करते. उपदेशाची पानं मला जड गेली. तिथे पदमनजींना उत्तर आधीच माहीत आहे आणि ते द्यायची घाई आहे. पण एखादी केशवपन झालेली मुलगी बोलू लागते, तेव्हा ते बाजूला होतात आणि तिला बोलू देतात. ती पानं आजही तितकीच जिवंत आहेत. त्यांत श्रद्धा अशी दिसते की हा माणूस ऐकतो आहे. त्या मुलीचं म्हणणं इतकं लांब, इतकं बारकाईने ऐकून घेणारा त्या काळातला दुसरा मराठी लेखक माझ्या तरी वाचनात नाही.

पुढच्या महिन्यात मंडळात ‘यमुनापर्यटन’ आणि ‘होम’ एकत्र घ्यायचं ठरलं आहे. ‘यमुनापर्यटन’ मी मांडणार आहे. ‘होम’ बाई मांडतील, आणि बॉटनने जॅकला माफ करायलाच हवं होतं, हे त्यांनी मला आत्ताच बजावून ठेवलं आहे. मला ते पटलेलं नाही.